दीड टन पासिंगच्या पिकअपमध्ये २५ क्विंटल सोयाबीन भरलं तर चालते का?

ओढन हो गाडी, पण थांबणार नाही. दीड टन म्हणजे १५ क्विंटल. तुम्ही वर १० टाकताय. मागचे टायर दबून चालतात, त्यांची बाजू सारखी वाकून तापते आणि फुटते. उतारावर ब्रेक दाबत राहिलात तर ब्रेकचे लायनर तापून पकड सोडतात. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बसले की पुढची चाकं हलकी, स्टिअरिंग तरंगल्यासारखं. आमचा पाटा कारंज्याच्या वाटेवर कडकन तुटला. रात्री टॉर्च धरून कट्टे दुसऱ्या गाडीत टाकले, भाडं डबल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली दंड २० हजार, वर जास्तीच्या दर टनाला २ हजार. तुमचे २२ हजार झाले. दोन खेपा करा, डिझेल तेवढं महाग नाही.