ठाऊक असलेल्या आज्ञेपासून सुरुवात कर

ख्रिस्तामध्ये प्रिय,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. देवाची तुझ्याविषयी काय योजना आहे ते उमगत नाही, म्हणून उपास धरावा का, असं तू विचारलं आहेस. जरूर धर. पण पत्राच्या शेवटी घाईघाईत लिहिलेली एक ओळ आहे: भावाशी बोलणं बंद आहे. माझं मन त्या ओळीपाशीच अडून बसलं.

बायबलमधलं मत्तय 5:23-24 काढून सावकाश वाच. वेदीजवळ दान अर्पण करताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेवायचं आणि आधी त्याच्याशी समेट करायचा. प्रभू हे गालीलात बोलत होता. वेदी होती यरुशलेमेत, चालत गेलं तर काही दिवसांच्या वाटेवर. म्हणजे ऐकणाऱ्याने दान तसंच सोडून घरापर्यंत पायपीट करायची आणि मग पुन्हा मागे यायचं! इतकी गैरसोय प्रभूने जाणूनबुजून सांगितली, असं मला वाटतं. शिवाय चूक कोणाची, हा प्रश्न तिथे नाहीच. भावाच्या मनात काही आहे, एवढं पुरे आहे.

मोठी योजना कळावी म्हणून आपण तळमळतो आणि स्पष्ट कळलेली आज्ञा मात्र बाजूला ठेवतो. शौल राजाचं हेच झालं (1 शमुवेल 15). देवाची आज्ञा होती की शत्रू असलेल्या अमालेकी लोकांचं सगळं नष्ट करायचं. त्याने टाकाऊ तेवढं नष्ट केलं, उत्तम मेंढरं-गुरं राखली, आणि देवाचा संदेष्टा शमुवेल समोर येताच म्हणाला, परमेश्वराची आज्ञा मी पाळली. मागे मेंढरं ओरडत होती. मग म्हणे ती यज्ञासाठी ठेवली! अवज्ञेला भक्तीचं नाव दिलं की ती आपली आपल्यालाच दिसेनाशी होते. तुझा उपास तसा होऊ नये, एवढीच मला काळजी आहे.

रोजच्या जगण्यात आज्ञा फार साध्या रूपात समोर येतात. घरातून निघालेलो नसताना फोनवर "वाटेत आहे" म्हणणं. दुसऱ्याने केलेल्या कामाचं कौतुक आपल्या वाट्याला आलं, तेव्हा गप्प राहणं. कुणाची कुचाळकी "प्रार्थनेसाठी सांगते" म्हणून पुढे सरकवणं. चर्चच्या मंडळीत हे फार चालतं आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. अशा वेळी देवाची इच्छा काय, हे शोधावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र घट्ट धर. आज्ञा पाळून तारण, म्हणजे पापापासून सुटका, पदरात पडत नाही. ते कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे आहे, देवाचं दान आहे, आणि इफिस 2:8-9 नंतर लगेच दहावं वचन सांगतं की सत्कृत्यांसाठीच आपल्याला निर्माण केलं आहे. प्रभूनेही आज्ञापालन प्रीतीशी जोडलं, भीतीशी नाही (योहान 14:15). त्यामुळे पडलं तर उठायचं, पाप कबूल करायचं, पुन्हा चालायचं. देव आपल्याला टाकील या धास्तीने पाळलेली आज्ञा फार दिवस टिकत नाही.

आता भावाचं. लांबलचक मेसेज लिहू नकोस; त्यात आपली बाजू मांडायचा मोह होतोच. फोन कर, जमलं तर भेट. तुझ्याकडून जे झालं तेवढंच बोल आणि क्षमा माग. "पण तूसुद्धा" हे शब्द तोंडून येऊ देऊ नकोस. त्याने फोन ठेवून दिला, तरी तुझं आज्ञापालन वाया जात नाही; रोम 12:18 मध्ये सर्वांशी शांतीने राहायला सांगताना "तुमच्याकडून होईल तितके" असं म्हटलं आहे. त्याच्या उत्तराची जबाबदारी तुझ्यावर नाही.

नोकरी कोणती धरावी, यावर पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन. आधी त्याच्याशी बोल आणि मला कळव. रोज सकाळी तुम्हा दोघांचं नाव घेऊन प्रार्थना करते आहे.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी