ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल नेमतं कोण?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल अजून लंडनहून ठरतो का, आणि राणीच्या प्रतिनिधीने 1975 मध्ये निवडून आलेल्या पंतप्रधानाला घरी कसं पाठवलं. दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून एकत्रच देते. बरीच वर्षं मेलबर्नला राहते आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

कागदावर नेमणूक राजाची. राज्यघटनेचं दुसरं कलम एवढंच सांगतं की राजाने नेमलेला गव्हर्नर जनरल हा त्याचा इथला प्रतिनिधी, आणि राजाची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहील. मुदत किती, पात्रता काय, नाव कोणी सुचवायचं, यातलं काहीही तिथे नाही. पाच वर्षांची मुदतसुद्धा नुसता रिवाज. प्रत्यक्षात नाव ठरवतो ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान. त्याने नाव कळवायचं, राजाने सही करायची. संसदेत मतदान नाही, समितीपुढे मुलाखत नाही, विरोधी पक्षनेत्याला विचारायचं बंधन नाही. ब्रिटिश सरकारचा तर आता काडीचाही संबंध नाही.

पूर्वी होता. 1901 साली सहा वसाहतींचं मिळून एक राष्ट्र झालं तेव्हा आणि नंतरची तीन दशकं या पदावर ब्रिटनहूनच माणूस यायचा. साम्राज्यातल्या राजभवनांमधून तीच सरदार मंडळी फिरत असायची. मुंबईतला लॅमिंग्टन रोड ज्यांच्या नावाचा, ते लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईचे गव्हर्नर होण्याआधी इथल्या क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते.

1926 च्या साम्राज्य परिषदेत ठरलं की गव्हर्नर जनरल हा फक्त राजाचा प्रतिनिधी, ब्रिटिश सरकारचा नव्हे. मग राजाने सल्ला कोणाचा घ्यायचा? खरी कसोटी 1930 साली लागली. पंतप्रधान जेम्स स्कलिन यांनी सर आयझॅक आयझॅक्स यांचं नाव पुढे केलं. मेलबर्नमध्ये जन्मलेले, इथल्या हायकोर्टाचे, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे, मुख्य न्यायाधीश. पाचव्या जॉर्जला ते पसंत नव्हतं. त्याच्या मनात फील्ड मार्शल बर्डवूड होते. गॅलिपोलीला ऑस्ट्रेलियन सैनिकांचं नेतृत्व केलेला सेनानी, आणि जन्म आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा! स्कलिन परिषदेसाठी लंडनला गेले होते. राजाला भेटले आणि आपल्या नावावरून तसूभर हलले नाहीत. राजाने शेवटी नाइलाजाने मान्यता दिली आणि जानेवारी 1931 मध्ये आयझॅक्स यांचा शपथविधी झाला. तो प्रश्न तिथेच मिटला. 1948 साली राजाजी भारताचे गव्हर्नर जनरल झाले तेही याच रीतीने: नेमणूक सहाव्या जॉर्जची, निवड नेहरूंच्या सरकारची.

संसदेचा हात फक्त एका ठिकाणी लागतो, पगाराला. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार पदावर असताना पगार बदलता येत नाही, म्हणून नवी व्यक्ती रुजू होण्याआधी कायद्यात दुरुस्ती करून तो ठरवून घ्यावा लागतो. या पदासाठी सॅम मॉस्टिन यांचं नाव पंतप्रधान अल्बनीजी यांनी एप्रिल 2024 मध्ये जाहीर केलं, तेव्हा नावावर संसदेत मत घ्यायचा प्रश्नच आला नाही, पण पगार 4,95,000 डॉलरवरून 7,09,017 डॉलर करायला विधेयक आणावं लागलं. आधीचे गव्हर्नर जनरल हर्ली माजी संरक्षण दलप्रमुख, त्यांना लष्करी निवृत्तिवेतन होतं म्हणून त्यांचा पगार कमी धरला होता, असा सरकारचा खुलासा होता. 1 जुलैला कॅनबेराच्या संसद भवनात, सेनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, लाल दालनात, मुख्य न्यायाधीशांनी मॉस्टिन यांना शपथ दिली. राजनिष्ठेची शपथ त्यात आलीच. गंमत म्हणजे आम्ही बाहेरून आलेली माणसं नागरिक होताना जी प्रतिज्ञा घेतो, तिच्यातून राणीचं नाव 1994 सालीच काढलं गेलं.

आता 1975. सेनेटमध्ये विरोधकांनी अंदाजपत्रक अडवून धरलं होतं, सरकारचे पैसे संपत आले होते. गव्हर्नर जनरल होते सर जॉन कर, आणि त्यांचं नाव सुचवलं होतं खुद्द पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी, वर्षभरापूर्वी. 11 नोव्हेंबरच्या दुपारी व्हिटलम अर्ध्या सेनेटच्या निवडणुकीचा सल्ला घेऊन यारालुमलाच्या राजभवनात गेले. कर यांनी त्यांच्या हातात बडतर्फीचं पत्र ठेवलं. विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर त्या वेळी त्याच वाड्यात दुसऱ्या खोलीत बसलेले होते. थोड्याच वेळात ते काळजीवाहू पंतप्रधान झाले.

करांनी आधी इशारा का दिला नाही? कारण ज्या सल्ल्याने नेमणूक होते त्याच सल्ल्याने हकालपट्टीही होते. पंतप्रधानाने राणीला कळवलं असतं, तर कर यांनाच जावं लागलं असतं, ही धास्ती त्यांना होती. राजवाड्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार हायकोर्टाच्या निकालामुळे 2020 मध्ये खुला झाला. राणीला आधी न सांगणंच बरं असं आपण ठरवलं, हे त्यात कर यांनीच लिहिलेलं आहे. डिसेंबरच्या निवडणुकीत फ्रेझर प्रचंड बहुमताने आले, म्हणून करांची बाजू घेणारे आजही सापडतात. माझं मत विचाराल तर दोष एका माणसापुरता नाही. नेमणारा आणि काढणारा एकच असला, की त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्याला लपूनछपून वागावं लागतं.

भारतातली वाचक मंडळी इथे एक चुकीचा अंदाज बांधतात, की राज्यांचे गव्हर्नरही केंद्र सरकारच नेमत असणार. तसं नाही. 1986 च्या ऑस्ट्रेलिया कायद्यापासून प्रत्येक राज्याचा मुख्यमंत्री थेट राजाला नाव कळवतो, कॅनबेराला मध्ये घेत नाही. त्यामुळे केंद्राचा माणूस राज्याच्या मानगुटीवर बसवला, ही तक्रार इथे ऐकायला मिळत नाही. आपल्या पद्धतीशी कॅनडाचं जास्त जुळतं. तिथे प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर केंद्राच्या सल्ल्याने नेमले जातात. आपल्या घटनेच्या 156 व्या कलमातही राष्ट्रपतींच्या मर्जीचीच भाषा आहे, पण 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्जी मनमानी असू शकत नाही असं ठरवलं. इथे तेवढाही आधार नाही.

वेगळी वाट शेजारीच आहे. पापुआ न्यू गिनीतही राजा तोच, तिसरा चार्ल्स, पण तिथे गव्हर्नर जनरल संसद गुप्त मतदानाने निवडते आणि राजा त्यावर शिक्का उठवतो. मला ती पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. ऑस्ट्रेलियात 1999 च्या सार्वमतात प्रजासत्ताकाचा जो आराखडा लोकांपुढे ठेवला होता, त्यात राष्ट्राध्यक्ष निवडायला संसदेचं दोन तृतीयांश बहुमत लागणार होतं. तो जवळपास 55 टक्के मतांनी फेटाळला गेला. पण त्या आराखड्यातसुद्धा पंतप्रधान एका सहीने राष्ट्राध्यक्षाला ताबडतोब काढू शकत होता. कनिष्ठ सभागृहाची संमती नंतर 30 दिवसांत घेतली की झालं, आणि ती मिळाली नाही तरी काढलेला माणूस परत येणार नव्हता. म्हणजे करांना जी धास्ती होती, ती त्या राष्ट्राध्यक्षालाही राहिलीच असती.