मोटर बदलण्याआधी दाराची रबरी नळी बघा

गाडीचं दार उघडं असताना बटणावरची काच चढते-उतरते, दार लावलं की ढिम्म, आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय काचेची मोटर बदला. तुमची ही तक्रार वाचून राहवलं नाही. माझ्या गाडीच्या डाव्या दाराचं अगदी हेच दुखणं होतं.

फ्यूज, काचा लॉक करायचं बटण वगैरे तुम्ही पाहिलंच असेल. माझं मत स्पष्ट आहे: हा मोटरचा दोष वाटत नाही. बिजागऱ्यांपाशी दार आणि गाडीच्या सांगाड्याचा खांब यांच्यामध्ये रबरी नळी असते. तिच्यातल्या वायरी दाराबरोबर रोज वाकतात आणि आतल्या आत तुटतात. वरचं आवरण शाबूत, तांबं तुटलेलं.

आमच्या सर्व्हिस सेंटरने मोटरचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, 12 व्होल्ट दिसले, आणि निकाल दिला की सप्लाय आहे, म्हणजे मोटरच गेली. मोटर, रेग्युलेटर (काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा) सगळं बिलात. अहो, आतल्या एकाच बारीक तारेवर लटकलेली वायरसुद्धा मीटरवर पूर्ण 12 व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. मोटर करंट ओढायला लागली की व्होल्टेज कोसळतं. एवढं साधं ज्ञान पैसे घेणाऱ्याला असायला नको? मोटर बसवतानाच्या ओढाताणीत तुटकी वायर जरा टेकली म्हणून नवी मोटर काही दिवस चालली, आणि ऐन पावसात काच अर्ध्यावर अडकली. जुनी मोटर मागितली तर म्हणे भंगारात गेली. जुना पार्ट ताब्यात घेतल्याशिवाय बिल भरू नका.

मोटरच्या कनेक्टरवर इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब जोडा, एकाने स्विच दाबून धरायचा, दुसऱ्याने दार हळूहळू लावायचं. बल्ब मंदावला किंवा विझला की वायरच. अर्थात, बोट अडकल्यावर काच आपोआप खाली येणाऱ्या गाड्यांत बहुधा मोटरवरच इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे हा प्रयोग नको. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा.

तुटलेला तुकडा काढून लवचीक वायर टाका. सांधा मात्र नळीत नको, दाराच्या किंवा खांबाच्या आत घ्या; सोल्डर कडक असतो, वाकणाऱ्या जागी शेजारीच पुन्हा तुटतं.

आणि दाराचं आतलं पॅनेल उघडलंच तर आतला प्लॅस्टिकचा पडदा चारी बाजूंनी नीट चिकटवून घ्या. मेकॅनिक तो हमखास फाडून ठेवतात, मग दारातून खाली निथळायचं पाणी कार्पेटवर येतं.