बिअर त्यांची, पण जागा कोणाची?

प्रश्न : साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एक मजला भाड्याने घेऊन मी २४ खुर्च्यांची को-वर्किंग जागा (अनेकांनी भाड्याने वापरायचे सामायिक कार्यालय) चालवतो. पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीची सहा मुले येथून काम करतात. दर शुक्रवारी ती सामायिक फ्रिजमध्ये बिअर आणून ठेवतात आणि सातनंतर पॅन्ट्रीत पीत बसतात. त्यांच्यातील एक प्रशिक्षणार्थी २२ वर्षांचा आहे. उशिरापर्यंत काम करणाऱ्या, स्वतंत्र व्यवसाय असलेल्या एका लेखापाल बाईंनी याबद्दल मला लेखी तक्रार दिली आहे. आता तीच कंपनी एका संध्याकाळसाठी वेगळे भाडे देऊन हॉल मागते आहे आणि त्या वेळी मद्य असेल, असेही सांगते. मी दारू विकत नाही. तरी माझ्यावर काही येऊ शकते का?

उत्तर : होय, येऊ शकते. दारू विकली नाही एवढ्यावर आपला बचाव पूर्ण होत नाही, कारण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील सार्वजनिक मद्यपानगृहाच्या व्याख्येत विक्रीची अटच नाही. जागेचा मालक, भाडेकरू किंवा व्यवस्थापक यांच्या फायद्यासाठी जेथे मद्यपान करू दिले जाते, मग तो फायदा पिण्याबद्दलचा आकार (शुल्क) असो, जागेच्या वापराबद्दलचा असो वा अन्य कोणत्याही रूपातला, ती जागा या व्याख्येत येते. अशी जागा चालवणाऱ्याला आणि तिची व्यवस्था पाहणाऱ्याला शिक्षेचे कलम ६८ लागू होते.

शुक्रवारच्या बैठकीबाबत आपल्याला असा युक्तिवाद करता येईल की खुर्चीचे मासिक भाडे कामासाठी आहे, पिण्यासाठी नाही. तो युक्तिवाद मला योग्य वाटतो. मात्र लेखी तक्रार हाती आल्यानंतरही आपण गप्प राहिलात, तर 'मला माहीत नव्हते' असे म्हणता येणार नाही आणि ते मौन म्हणजेच परवानगी, असे समोरचा वकील म्हणेल.

याहून अधिक चिंता मला त्या लेखापाल बाईंची वाटते. कलम ८४ नुसार, सार्वजनिक मद्यपानगृहात मद्यपान चालू असताना जी व्यक्ती तेथे सापडेल, ती पिण्यासाठीच आली होती असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते. म्हणजे शेजारच्या टेबलावर विवरणपत्रे भरत बसलेल्या, थेंबही न घेतलेल्या बाईंना आपण निर्दोष आहोत हे स्वतः सिद्ध करावे लागेल. त्यांच्या तक्रारीकडे कुरकुर म्हणून पाहू नका.

प्रशिक्षणार्थ्याचे वय हा आपण समजता तेवढा मोठा प्रश्न नाही. आपल्या राज्यात बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. त्यामुळे व्हिस्कीची बाटली निघाली तर मात्र तो लगेच मर्यादेबाहेर जाईल. मुलांपैकी कोणी मद्यसेवनाचा परवाना दाखवला तरी तो त्या व्यक्तीपुरता असतो, त्याने आपल्या पॅन्ट्रीला परवाना मिळत नाही.

आता काय करावे. बाईंना आजच लेखी पोच द्या आणि कंपनीला पत्र पाठवून त्याच दिवशी बाटल्या उचलून नेण्यास सांगा. त्या बाटल्या जप्त केल्यासारख्या स्वतःच्या कपाटात कुलूपबंद करून ठेवू नका. अनेक व्यवस्थापक सद्हेतूने ही चूक करतात आणि मद्य बाळगल्याचा प्रश्न स्वतःवर ओढवून घेतात. सर्व सभासदांच्या करारात जागेत मद्य आणण्यास व पिण्यास मनाई असल्याचे आणि भंग झाल्यास करार संपुष्टात येईल असे कलम घाला. पिऊन कोणी अश्लील बोलले किंवा अंगचटीला आले असेल, तर ते प्रकरण वेगळे असून त्याला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागू होतो. बाई त्या कंपनीच्या नोकरीत नसल्या तरी त्यांना तक्रार करता येते आणि त्यासाठी सर्वसाधारण मुदत तीन महिन्यांची आहे. हे त्यांना जरूर कळवा.

हॉलच्या मागणीत तर आपली बाजू फारच कमकुवत आहे. मद्य असणार हे ठाऊक असताना त्या संध्याकाळचे वेगळे भाडे घेणे म्हणजे व्याख्येतील 'जागेच्या वापराबद्दलचा आकार' स्वतःच्या हाताने पावतीवर लिहून देणे होय. कार्यक्रम करायचाच असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयातून त्या दिवसापुरता परवाना आधी हातात आला पाहिजे. अर्ज केला आहे एवढे पुरत नाही. त्याआधी आपला भाडेकरार वाचा, घरमालकाची लेखी संमती घ्या आणि तारीख तपासा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस (मद्यविक्रीला बंदी असलेले 'ड्राय डे') आहेत, शिवाय मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तासही त्यात येतात.

माझे स्पष्ट मत विचाराल, तर हॉल मद्याविना द्या आणि पुढची बैठक त्यांनी परवाना असलेल्या हॉटेलात करावी असे त्याच पत्रात लिहा. पत्राच्या प्रतीवर कंपनीच्या जबाबदार व्यक्तीची सही व तारीख घ्या आणि ती प्रत बाईंच्या तक्रारीसोबत एकाच फाइलमध्ये जपून ठेवा.