मुलाचं चालणं बंद झालंय, सर्टिफिकेट जुनंच 50 टक्क्यांचं आहे, मोठी व्हीलचेअर मिळेल का?

ताई, मुलगा 11 वर्षांचा, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आजार), 2 वर्षांपूर्वी शिबिरात मिळालेली व्हीलचेअर आता लहान पडते असं तुम्ही लिहिलंय. माझ्या पुतण्याचं अगदी हेच झालं, पाचोऱ्याला असतो तो, म्हणून लिहितोय.

आधी खुर्चीचं बघा. 3 वर्षं दुसरी मिळत नाही असं तुम्हाला जे सांगितलं ते मोठ्यांसाठी आहे, एडिप योजनेत (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) 12 वर्षांच्या आतल्या पोरांना 1 वर्षानंतर परत मागता येते कारण पोरं वाढतात ना. म्हणजे बारावं पूर्ण व्हायच्या आत अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

पण खरं काम सर्टिफिकेटचं आहे, ते आधी बदला. स्वावलंबनच्या साईटवर (दिव्यांग सर्टिफिकेटची सरकारी साईट) जुन्याच यूडीआयडी नंबरवर, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या नंबरवर, रिन्यूअल टाका, नवीन अर्ज भरू नका, आमच्या इथं कॅफेवाल्याने नवीन भरला आणि दोन्ही अर्ज अडकले, चार महिने दादा नुसता चकरा मारत होता, अन् तोवर पोराची पाठ अजून वाकली. ते आठवलं की अजून जीव तुटतो.

टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर नुसतं "त्रास वाढलाय" सांगून होत नाही. वहिनीने एका कागदावर पूर्ण दिवस लिहिला होता, संडासला कोण उचलून नेतं, रात्री कितीदा कूस बदलावी लागते, जेवताना हात तोंडापर्यंत जातो का, वहीवर किती वेळ लिहू शकतो, सगळं. सोबत न्यूरोच्या डॉक्टरांचे ताजे कागद. तो कागद डॉक्टरांनी नीट वाचला आणि मगच तपासलं. तुम्ही पण लिहा, आईला जेवढं माहीत असतं तेवढं दहा मिनिटांच्या तपासणीत कळत नाही.

टक्के कमी लावले असं वाटलं तर गप्प बसू नका, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 59 खाली अपील करता येतं.

टक्के 65 च्या वर गेले की एसटीत सोबतच्या माणसालाही अर्धं तिकीट लागतं. तुम्हाला महिला म्हणून ते आहेच, पण एवढ्या पोराला उचलून चढवायला त्याचे पप्पा लागणारच आणि दवाखान्याच्या फेऱ्या काही थांबत नाहीत. ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी पण असतो, ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, तोंडी नको.

काही अडलं तर इथंच विचारा, रात्री बघतो मी.