पीएएचचं जनुक २००० मध्येच सापडलं, मग त्याच्या कारणांवर पीएचडीत आता काय शोधणार?

तुमचा प्रश्न असा की, पल्मनरी आर्टेरिअल हायपरटेन्शनला (पीएएच, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्यांतला दाब वाढण्याचा आजार) जबाबदार जनुक सापडून पाव शतक झालं, तर आता कारणं शोधायला उरलंय काय? गाईड ठरवायच्या आधीच विचारलंत हे बरं केलंत. मला हा प्रश्न पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पडला.

जनुक सापडलं हे खरंच. बीएमपीआर-२. आजार घराण्यात चालत आलेला असेल तर ७० ते ८० टक्के रुग्णांत त्याच जनुकात बिघाड सापडतो. पण उलट बाजूने बघा. बिघाड घेऊन जन्मलेल्या बायकांपैकी साधारण ४२ टक्क्यांना आणि पुरुषांपैकी १४ टक्क्यांनाच आजार होतो. दोन सख्ख्या बहिणी, दोघींत तोच बिघाड. एकीला तिशीत जिना चढताना धाप लागते, दुसरी म्हातारपणापर्यंत ठणठणीत. जनुक सापडल्यावर उरलेलं काम म्हणजे या दोघींतला फरक.

(नेहमीच्या बीपीशी याचा घोळ करू नका. दंडाला पट्टा बांधून हा दाब कळत नाही. हृदयाच्या उजव्या बाजूने कॅथेटर नेऊन फुप्फुसाच्या धमनीतला दाब मोजावा लागतो; सरासरी २० मिमी पाऱ्याच्या वर गेला की शंका घ्यायची.)

या फरकाला आमच्याकडे ‘सेकंड हिट’ म्हणतात. जनुक कमकुवत असतंच, वरून आणखी काहीतरी आदळतं: दाह, हार्मोन्स, एखादं औषध. १९६०च्या दशकात अमिनोरेक्स हे भूक मारणारं औषध स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनीत विकलं जात होतं, तेव्हा तिथे या आजाराची लाटच आली. तरी गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांना काही झालं नाही. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. इस्ट्रोजेनचं तर कोडंच आहे: आजार बायकांना जास्त होतो, पण झाल्यावर पुरुष लवकर दगावतात. माझ्या मते अख्ख्या विषयात याहून चांगला प्रश्न नाही.

रोजचं काम मात्र एवढं भव्य नसतं. धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना बीएमपी-९ हे प्रथिन द्यायचं आणि बीएमपीआर-२चा (या जनुकापासून पेशीवर बनणारं, संदेश घेणारं प्रथिन) संदेश आत पोचतो का, ते वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांसारखी दाखवणाऱ्या चाचणीत बघायचं. पोचला तर काळा पट्टा उमटतो. माझ्या कंट्रोलमध्ये, म्हणजे काहीच न दिलेल्या पेशींतही, पट्टा तितकाच काळा! चार महिने मी पट्टा दाखवणाऱ्या अँटीबॉडीला दोष देत होते. शेवटी उमगलं की पेशी वाढवायला जे सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) घालत होते, त्यातच बीएमपी-९ असतं. आदल्या रात्री पेशी सीरमशिवाय ठेवल्या आणि कंट्रोलचा पट्टा गेला. थिसिसमध्ये या चार महिन्यांवर एक ओळ आहे.

प्राण्यांचंही तसंच. उंदरात हे जनुक अर्धं निकामी केलं तरी तो बहुधा मजेत राहतो. म्हणून मोठ्या उंदराला, म्हणजे रॅटला, सुजेन हे रसायन टोचून तीन आठवडे १० टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवतात. शेवटी हृदय काढून उजव्या कप्प्याची भिंत कापायची आणि उरलेल्या भागाशी तिचं वजन ताडून बघायचं. निरोगी हृदयात ती पातळ, लुळी असते. आजारी हृदयात चिमट्याला जाड लागते, तराजूआधीच कळतं.

कारणं शोधून काय मिळतं असं घरचे विचारतील, तेव्हा सोटॅटरसेप्ट सांगा. बीएमपीआर-२ थंडावलं की ॲक्टिव्हिन या वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनाची बाजू वरचढ होते आणि भिंतीतल्या पेशी वाढत सुटतात; हे औषध ॲक्टिव्हिनलाच पकडून ठेवतं. अमेरिकेत त्याला मार्च २०२४ मध्ये मान्यता मिळाली. जुनी बहुतेक औषधं मुख्यतः धमन्या सैल करणारी होती.

गाईडला भेटाल तेव्हा एक विचाराच: पेशी कुठून येतात? बऱ्याच लॅबमध्ये त्या प्रत्यारोपणाच्या वेळी काढलेल्या फुप्फुसांतून येतात, म्हणजे आजाराच्या अगदी शेवटच्या टप्प्यातल्या. त्यांवरून सुरुवात ओळखणं म्हणजे राखेवरून काडी कोणी लावली ते सांगणं. बिघाड आहे पण आजार नाही, अशांच्या रक्तातून वाढवलेल्या अस्तर-पेशी जिथे असतील, ती लॅब मी आधी निवडेन. ठणठणीत बहीण तिथेच भेटेल.