स्पोर्ट्स कार पारखताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे जिनिंग आहे. गाव समृद्धी महामार्गापासून १४ किलोमीटर आत आहे. पोर्शे ९११ घेण्याचा विचार पक्का होत आला आहे. ती गावापर्यंत येईल का? (एक वाचक, धामणगाव रेल्वे)

उत्तर : गाडीचा खरा निवाडा या १४ किलोमीटरांतच होणार आहे. समृद्धीवर मोटारींची कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि तो वेग ही गाडी सहज गाठते, त्यामुळे माहितीपत्रकातला कमाल वेगाचा आकडा तुमच्या निर्णयाला काही उपयोगाचा नाही. तुम्हाला हवा असलेला आकडा गाडीच्या पोटाखालच्या उंचीचा आहे. आपल्या काळ्या जमिनीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात आणि कडेने खचतात. त्यात गतिरोधक ज्याच्या त्याच्या मर्जीने घातलेले असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. गावातले बहुतेक गतिरोधक याहून फार अरुंद असतात, आणि बैठ्या गाडीचे पोट घासते ते या अरुंदपणामुळे.

विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी एक मोजणी अवश्य करा. दोन काठ्या घ्या, त्यांवर खालून गाडीच्या पोटाइतक्या उंचीवर खूण करा आणि दोन्ही खुणांना सुतळी बांधा. भरलेली गाडी थोडी दबते, म्हणून खूण दोन बोटे खालीच ठेवा. आता गतिरोधकाच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींपासून २.४५ मीटर अंतरावर, काठ्या उभ्या करून सुतळी ताणा. ९११ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर एवढेच आहे. सुतळी गतिरोधकाच्या माथ्याला टेकली, तर सरळ जाताना गाडीचे पोटही टेकेल. पुढचा भाग उचलण्याची सोय जादा पैसे मोजून मिळते आणि ती तुम्ही घ्यावीच, पण तिने गाडीचे नाक सुमारे ४ सेंटिमीटर वर येते. मधले पोट साधारण त्याच्या निम्मेच उचलले जाते.

सुतळी एक-दोन ठिकाणीच टेकत असेल, तर तेवढे गतिरोधक मानकाप्रमाणे करून मिळावेत असा अर्ज रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे द्या. दहा ठिकाणी टेकत असेल, तर ही गाडी गावात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिनिंगविषयीही एक सूचना आहे. ९११ चे इंजिन मागे असले, तरी रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंना असतात आणि तिथल्या जाळीत पालापाचोळा अडकतो. तुमच्या आवारात हंगामभर रुईचे तंतू उडत असतात. गाडी तिथे उभी करू नका, आणि दर महिन्याला टॉर्चच्या उजेडात ती जाळी आतपर्यंत पाहा.

प्रश्न : सहा वर्षांची, केवळ ९,००० किलोमीटर चाललेली अशीच गाडी मुंबईत मिळते आहे. एवढी कमी चाललेली गाडी नव्यासारखीच समजावी का? (एक वाचक, मेहकर)

उत्तर : नाही. गाडी उभी राहिली, तरी रबर म्हातारे होतच असते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी कितीही खोल दिसली, तरी असे चारही टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला लावा. इंजिनाने मर्यादेपलीकडे फेरे घेतले असतील, तर त्याची नोंद गाडीच्या संगणकात टप्प्याटप्प्याने राहते. तो अहवाल अधिकृत सेवा केंद्रातून काढून घ्या. विक्रेता तयार नसेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. शक्ती कमी होते का? (एक वाचक, वरूड)

उत्तर : होय. तापलेली हवा विरळ असते, आणि इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून संगणक ठिणगी उशिरा पाडतो. इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेला ऑक्टेन (ठोके टाळण्याची पेट्रोलची क्षमता) आणि इथेनॉलचा आकडा वाचा आणि तसे पेट्रोल तुमच्या वाटेवरच्या कोणत्या पंपावर मिळते, ते खरेदीआधीच पाहून ठेवा.

प्रश्न : स्टेपनी मिळत नाही, असे ऐकले. मग पंक्चर झाल्यास काय करावे? (एक वाचिका, कारंजा लाड)

उत्तर : तुम्ही ऐकले ते खरे आहे. गाडीसोबत छिद्र बुजवणारे द्रव आणि हवेचा छोटा पंप देतात. खिळा रुतला, तर ते पुरते. खड्ड्याच्या धारेने टायरची बाजू फाटली, तर काहीच उपयोग होत नाही. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापांचे असल्याने एक जादा चाक बाळगूनही भागत नाही. गाडी सपाट फलाटाच्या वाहनावर चढवूनच न्यावी लागते, ट्रॅक्टरला दोर बांधून नव्हे. अशा वाहनवाल्याचा क्रमांक आधी मिळवा, रात्री येतो का ते विचारा, आणि विमा घेताना टायरचे नुकसान पॉलिसीत समाविष्ट आहे का, हे लेखी घ्या.